उजव्या मनगटावरचा दगड

थंडी अंगाला झोंबायला लागली, वालाच्या शेंगा भरल्या, की आमच्या माणगावात कुठे ना कुठे पोपटी लागतेच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला, आणि मग ते मडकं पालथं घालून भोवती जाळ. काल संध्याकाळी सातवीतली एक मुलगी पानात बांधलेल्या गरम शेंगा घेऊन आली. "बाई, आईने दिल्यात." मी तिच्यादेखत दोन खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाले. ती वळल्यावर बाकीच्या शेजारणीकडे पाठवून दिल्या. शेजारीण म्हणते, "अहो, तुम्ही इकडच्याच ना? आणि पोपटी नको?" मी म्हणते, बाधते. खोटं आहे ते. मला काही बाधत नाही. पण त्या पाल्याचा उग्र वास नाकात शिरला की मी माणगावात राहत नाही. नागावच्या अलीकडे समुद्राला लागून असलेल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत जाऊन पोचते, आणि मग दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नसतं. शाळेतल्या मुली बिचाऱ्या त्याची शिक्षा भोगतात.

दहा वर्षं होत आली त्याला. दसरा ते होळी, एवढाच एक हंगाम मी त्या वाडीत काढला.

वाडीचे मालक दादासाहेब. मुंबईत वकिली करून थकलेले, आणि म्हातारपणी डोक्यात एक खूळ शिरलेले. चांगलं खूळ होतं, हे कबूल केलं पाहिजे. देश स्वतंत्र झाला, आता आपल्या माणसांची शिल्पं आपल्या मातीवर उभी राहिली पाहिजेत, आणि ती काचेआड नकोत, झाडाखाली हवीत, येणाऱ्या-जाणाऱ्याने हात लावून बघावीत. म्हणून त्यांनी वाडीला 'शिल्पवाडी' असं नाव दिलं. दर हंगामाला एक शिल्पकार आणि एक अभ्यासक बोलवायचे. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि आपापलं काम. जेवण मात्र एका पंगतीत. "कलावंताचा हात आणि अभ्यासकाचं डोकं एका पंगतीला बसलं पाहिजे," असं ते म्हणायचे आणि स्वतःच खूश व्हायचे.

त्या हंगामाची अभ्यासक मी. भातशेतीवाल्यांची मुलगी, पुण्याला राहून एम. ए. झालेली, आणि बायकांची गाणी, रीती, नवससायास वहीत उतरवत हिंडायचं वेड लागलेली. घरचे म्हणत, हिला वेताळ लागलाय. नात्यातल्या कुठल्याही लग्नात मी वाढायला नाहीतर पानं पुसायला. आणि इथे दादासाहेब स्वतः उठून माझा पाट शिल्पकारांच्या शेजारी मांडून घेत. मी बोलले की दोन शिकलेले पुरुष हातातला घास तसाच धरून ऐकत. हे मुद्दाम सांगते आहे. पुढे मी जे केलं, त्यात त्या पाटाचा वाटा मोठा आहे.

शिल्पकारांचं नाव श्रीनिवासराव. मुंबईहून आलेले, पस्तिशीचे. आवाज इतका मऊ की ते नाही म्हणाले तरी ऐकणाऱ्याला हो वाटावं. हात मात्र सोलवटलेले, नखांत दगडाची पूड. त्यांच्या हाताखाली महाडकडचा रामजी पाथरवट. काळा दगड दोन बैलगाड्या जोडून आणला होता आणि नारळाच्या खोडांवरून घरंगळत विहिरीजवळच्या मांडवात नेला होता. सकाळी उजाडायच्या आत रामजीचा भाता सुरू व्हायचा, कारण आमचा काळा दगड असा द्वाड, की दिवसभरात छिन्न्यांची धार चार-चार वेळा मरते. मग ठणठण ठणठण. दुपारच्या आमटीत सुद्धा कधीकधी दाताखाली कचकन लागायचं. दादासाहेब म्हणत, "कलेचा अंश पोटात जातोय, जाऊ दे." विनोद रोज तोच, आणि मी रोज हसायची. कशी हसायची कोण जाणे!

सगळा हंगाम असाच आठवतो मला, आवाजात आणि वासात. ओहोटीच्या वेळी उघडा पडलेला चिखल, पोफळीच्या झावळ्या पडल्याचा धप्पकन आवाज, रहाटाची कुरकुर, थंडीत मांडवामागे लागणाऱ्या पोपटीतला भांबुर्ड्याचा उग्र धूर, आणि उन्हं वर चढली की कोळीवाड्याकडून येणारा सुकत्या बोंबलांचा वास. पुण्याहून आलेल्या माझ्या मैत्रिणीने नाकाला पदर लावला होता. मला तो वास आवडायचा. अजून आवडतो, म्हणजे आवडेल, जर मी त्या बाजूला पुन्हा पाऊल टाकलं तर.

या वर्षी आमच्या शाळेची सहल तिकडेच न्यायचं घाटतंय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्हीच न्या मुलींना, तुमचा लेख आहे म्हणे तिथल्या पुस्तिकेत." मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. छत्तिसाव्या वर्षी गुडघे! त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण जास्त विचारलं नाही.

ठकू रोज सकाळी वाडीत म्हावरं घेऊन यायची. जवळच्या कोळीवाड्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, तिची माणसं अजून तिथे आहेत. वयाने माझ्याएवढीच. उंच, सावळी, टोपली डोक्यावर असताना मागे वळून बोलायची आणि टोपली तसूभर हलायची नाही. पहिल्या दिवशी ओट्यावर मला वही घेऊन बसलेली बघून तिने विचारलं, "काय लिवतंस गो बाय दिसभर? हात दुखत न्हाय?"

मी म्हटलं, "तुमची गाणी लिहिते."

ती टोपली खाली ठेवून हसत सुटली. "गानी लिवून काय करशील? घोल मासा लिवून ठेवलास तर पोट भरंल का?"

इथून आमची मैत्री झाली. मैत्रीच म्हणते मी. चार दिवसांनी मी तिच्या अंगणात जाऊन तिला मदत करायला लागले. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अल्याड एक पल्याड. मला जमायचं नाही, माझी बोटं रक्ताळायची. ती म्हणायची, "शिकलेल्या हाताला बोंबील बी चावतो." तिची सासू कोपऱ्यात जाळी विणत बसलेली असायची. माझ्याशी अक्षर बोलायची नाही, पण जाताना पाणी पुढे ठेवायची. नवरा हिराजी एका नाखव्याच्या होडीवर खलाशी. गेला की पाच-पाच सहा-सहा दिवस दर्यावर. माणूस हसरा, बायकोला भिऊन असल्याचं सोंग करणारा.

एक दिवस बोंबील टाकता टाकता मी सहज विचारलं. तिचा डावा हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरलेला, आणि उजवा अगदी मोकळा. कोळीवाड्यातल्या सगळ्याच लग्न झालेल्या बायकांचं तसं. का?

"त्या दर्याकडं हायेत," ती म्हणाली.

मला वाटलं थट्टा करतेय. पण ती थट्टा नव्हती. लग्नाच्या दिवशी नवरीला पाण्याकाठी नेतात. तिथे तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवतात आणि पाण्यात सोडतात. "त्याला सांगायचा, माझा अर्धा चुडा तुझ्याकडं ठेवलाय. आता माझा दादला दर वेलेला मना परत देत जा." आणि त्यानंतर त्या हातात जन्मभर बांगडी भरायची नाही. भरली तर? ठकूने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "भरंल कशी? दिलेला परत घेतला तर तो बी आपला दिलेला परत घेल ना!"

मी वही काढली नाही. बोंबील हातात तसेच धरून उभी राहिले.

आणि मग काय केलं? त्याच दिवशी जेवताना सगळं सांगून टाकलं. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात तसलं माझं तोंड, त्यात शेजारी ऐकणारा माणूस. श्रीनिवासरावांचा हात ताटातच थांबला. तोपर्यंत त्यांना विषय सापडत नव्हता, नुसते दगडाभोवती फेऱ्या मारत होते. म्हणाले, "उद्या त्या बाईंना थांबवाल का? टोपलीवाल्या. मला त्यांनाच घडवायचंय."

ठकू तीन दिवस नाही म्हणाली. हिराजी म्हणाला, "ऱ्हा की उभी. दगडात तरी गप बसशील." त्याच्यावर ती झाडू घेऊन धावली. शेवटी चौथ्या दिवशी तिने मला हाताला धरून पाण्याकाठी नेलं. ओहोटी संपून पाणी नुकतं वळलं होतं. म्हणाली, "उभी ऱ्हाते. सगली कोरू दे, माझा काय जात न्हाय. पन उजवा हात मोकला पायजे."

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं.

"त्याला मी वलखत न्हाय. तू बोल. पान्यात हात घाल आनि बोल."

मी वाकले. पाण्यात हात घातला आणि म्हटलं, उजवा हात मोकळा राहील, माझा शब्द. पाणी गार होतं. ठकूने माझा ओला हात आपल्या पदराने पुसला.

श्रीनिवासरावांना मी हे तिच्यासमोर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. किती आदराने हलवली! मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते लिहायची लाज वाटते.

दिवाळीनंतर काम खरं सुरू झालं. ठकू टोपली डोक्यावर घेऊन, उजवा हात वर करून टोपलीला लावून, तासतासभर उभी राहायची आणि अखंड बोलायची. श्रीनिवासराव गप्प राहा म्हणत नसत, हे मला फार आवडायचं. मी शेजारी बाजेवर बसून लिहायची. दगडातून आधी टोपली आली, मग खांदा, मग एक दिवस हनुवटी. ठकू स्वतःच्या हनुवटीला हात लावून बघायची आणि दगडाच्या हनुवटीला. "माझी इतकी म्होटी हाय?" मी म्हणायची, जीभ त्याहून मोठी आहे. अशी दुपार जायची.

रामजी कामाच्या मधल्या सुट्टीत विडी ओढत मला दगडाचं शास्त्र शिकवायचा. "बाई, मातीला लिंपण हाय, लाकडाला पाचर हाय, पन दगडाला मागनं काय बी लावता येत न्हाय. दगडातनं निस्तं काढायचं. म्हंजे बघा, मूर्तीच्या गळ्यात माळ पायजे, तर मान घडवताना पयल्यापास्नं तिथं दगड राखायचा. न्हाय राखला, तर मग माळ कुटली?" मी हे सुद्धा वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे माझ्याकडे. तारखेनिशी लिहिलंय.

पौषात कधीतरी माझ्या लक्षात आलं की वर उचललेल्या हाताचं मनगट जाड आहे. कोपर झालं, बोटं झाली, अगदी नखांपर्यंत झाली, पण मनगटाभोवती चार बोटं रुंदीचा दगड तसाच. मी विचारलं. श्रीनिवासराव हसले. "हात वर आहे ना. तिथे आत्ताच बारीक केलं तर ठोक्याने मोडेल. आधार ठेवलाय. शेवटी उतरवतो." पटण्यासारखं होतं. मला पटलं. रामजी तेव्हा छिन्नीला पाणी देत होता. संध्याकाळी मी विहिरीवर हात धुवायला गेले तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "राखलेला दगड कुनी उगाच राखत न्हाय, बाई." मी ऐकलं. धुतलेले हात पुन्हा एकदा धुतले आणि खोलीत गेले.

माघात अनावरण ठरलं. दादासाहेबांनी मुंबईहून मोठी माणसं बोलावली, आणि एक पुस्तिका छापायला टाकली. त्यात शिल्पाचा फोटो आणि माझा लेख. 'अर्धा चुडा' हे नाव मी दिलं होतं. माझं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं, आणि मी ते कच्च्या छपाईत दहा वेळा वाचलं. कोळीवाड्यालाही आमंत्रण होतं, तेही मीच घरोघर जाऊन केलं. हिराजी त्या आठवड्यात दर्यावर होता.

त्या दिवशी बायका नवी लुगडी नेसून, डोक्यात फुलं माळून आल्या. ठकू पुढे, तिच्या मागे सासू. मुंबईचे पाहुणे खुर्च्यांवर. दादासाहेबांनी पांढरं कापड ओढलं.

पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. ठकूच होती ती. मान वळवायची तिची ती ढब, तोंड आता उघडेल आणि काहीतरी लागट बोलेल असं ते तोंड. "ठकूच गो! ठकूच!" असं कुणीतरी म्हणालं आणि बायका हसायला लागल्या. मग हसणं मागून पुढे विरत गेलं. वर उचललेला उजवा हात बरोबर उन्हात होता. त्या हातात पाच बांगड्या होत्या. किती नाजूक कोरल्या होत्या! एकेकीवरची नक्षी दिसत होती.

सासू पुढे आली. ठकूला म्हणाली, "दर्याचं मागं घेतलंस?"

एवढंच. मग ती वळली आणि चालायला लागली, आणि तिच्यामागे सगळा वाडा. पाहुण्यांना काही कळलं नाही, ते टाळ्या वाजवत होते. ठकू तिथेच उभी राहिली. तिने श्रीनिवासरावांकडे बघितलं नाही, दादासाहेबांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

पाहुणे सरबत प्यायला गेल्यावर मी मांडवामागे श्रीनिवासरावांना गाठलं. "तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द तुम्ही दिलात," ते म्हणाले, त्याच मऊ आवाजात. "मी मान हलवली."

"पण का? त्यांच्यात याचा अर्थ काय होतो, माहीत होतं ना तुम्हाला?"

"तो पुतळा ठकूचा नाही हो. तो कोळणीचा आहे. वरचा हात उघडा राहिला तर सगळं शिल्प डावीकडे कलतं. तुमची रीत तुमच्या लेखात आहेच. माझा तोल माझ्या दगडात नको?"

"मग पहिल्या दिवशीच 'जमणार नाही' असं का म्हणाला नाहीत?"

"म्हटलं असतं, तर त्या उभ्या राहिल्या असत्या?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या मांडवामागे कळलं. त्या माणसाने ज्या दिवशी छातीवर हात ठेवला, त्या दिवशीच मनगटावर दगड राखायचं ठरवलं होतं. तीन महिने तो आमच्या पंगतीला जेवला, ठकूच्या विनोदाला हसला, आणि रोज त्या दगडाला वळसा घालून बाकीचा हात कोरत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाहुण्यांबरोबर मुंबईला निघूनही गेला.

दुपारी ठकू आली. टोपली नव्हती. रडत नव्हती. म्हणाली, "होडी चार दिसांत येल. त्याच्या आत त्या बांगड्या काडा. माझा मानूस बाहेर हाय गो, बाय."

मी रामजीकडे गेले. तो छिन्न्या पोत्यात बांधत होता. म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम हाय. तुमी निस्तं म्हना, आत्ता उतरवतो. दादासायबांनी हाकललं तर हाकललं." एक शब्द हवा होता माझा. पाण्यात हात घालून दिला होता तसाच एक. मी म्हटलं, "थांबा जरा, विचारून बघते." दादासाहेब म्हणाले, "शिल्पकाराच्या कामाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा वाडीचा नियम आहे. पुढच्या हंगामात श्रीनिवास आले की बघू. आणि पुस्तिकेत फोटो गेलाय ना आपला!" आपला म्हणाले. मी अर्ध्या दिवसाने पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. रामजी तिसऱ्या दिवशी महाडला निघून गेला. जाताना त्याने मला नमस्कार केला नाही.

होडी आली. हिराजी धडधाकट आला, जाळी भरून म्हावरं घेऊन आला. मला वाटलं, सुटलो! देवाला साखर ठेवली मी. पण पुढच्या खेपेला होडीवर कोणी चढेना. नाखवा भला माणूस, त्याने हिराजीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, बाबा, तुझ्या घरातून दर्याचं देणं मागे घेतलंय असं लोकांना वाटतंय, तू होडीवर असलास तर बाकीचे येत नाहीत, मी काय करू? दुसऱ्या नाखव्याने तेच. तिसऱ्याने दारातूनच. बापजाद्यांपासून दर्यावर गेलेला माणूस ऐन हंगामात किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवायला लागला. ठकूने पाण्यावर नारळ सोडला, उपास धरले. सासू म्हणाली, देणं एकदाच असतं, लगीन एकदाच असतं तसं. वाड्यात कुणी वाईट बोललं नाही. नुसते बाजूला सरकले.

मी लोकांना नेहमी सांगते की मला फसवलं गेलं. शाळेत, घरी, आणि इथेही आत्तापर्यंत तसंच लिहीत आले. खोटं नाही ते. पण इथवर आलेय तर उरलेलंही लिहिते, म्हणजे एकदाचं होऊन जाईल.

अनावरणाच्या आठ दिवस आधी, श्रीनिवासराव जेवण करून पडले असताना, मी मांडवात गेले होते. मनगटावरच्या दगडावर गेरूने रेघा ओढलेल्या होत्या. पाच. गोल, सारख्या अंतरावर. दगडातून काढायचा भाग रामजी नेहमी आडव्यातिडव्या फुल्यांनी खुणावायचा, हे मला तीन महिने बघून माहीत होतं. या फुल्या नव्हत्या. त्या रेघा कशाच्या होत्या, हे लहान मुलीलाही कळलं असतं. मी तिथे उभी राहिले. बाहेर कुणी नव्हतं. आत्ता ओरडावं, ठकूला बोलवावं, दादासाहेबांना उठवावं, असं सगळं मनात आलं. मग हेही आलं की भांडण झालं तर अनावरण राहून जाईल, पुस्तिका राहून जाईल, लेख राहून जाईल, आणि उद्या माझा पाट कुठे मांडतील कोण जाणे. शिवाय ते म्हणालेत ना, शेवटी उतरवतो? कलावंत माणूस, त्यांचं काहीतरी गणित असेल. अळीमिळी गुपचिळी. मी खोलीत जाऊन लेखाची छपाई तपासली. एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता, तो दिला.

होळीच्या आधी चार-सहा दिवस वाडीतला माझा मुक्काम संपला. अलिबागच्या एस. टी. स्टँडवर माणगावच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा समोर ठकू. एक पत्र्याची ट्रंक, एक बोचकं, आणि मागे हिराजी, खाली मान घालून. त्याचा कुणी चुलतभाऊ मुंबईच्या गोदीत होता, त्याच्याकडे निघाले होते. रेवसहून लाँच. मी तोंड फिरवायच्या बेतात होते, पण तिने मला बघितलं होतं. ट्रंक हिराजीकडे ठेवून ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या मानेची ती ढब गेली होती. महिनाभरात माणूस इतकं वाळतं?

"एक इचारू?" ती म्हणाली. "खरा सांग. तुला ठाव होता?"

स्टँडवर गर्दी होती, कंडक्टर ओरडत होता, कुणाचं तरी मूल रडत होतं. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही गं ठकू. शपथ."

तिने मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवस छातीत धरून ठेवलेला असावा तो. "मना ठावच होता," ती म्हणाली. "सासू बोलते, ती बाय त्याला सामील. सगला वाडा बोलतो. मी एकटी सगल्यांशी भांडले. म्हनले, न्हाय, ती तशी न्हाय. तिला बी त्यानं फसवली."

मला रडू फुटलं. भर स्टँडवर, लहान पोरीसारखं, आवाज करून. ठकूने मला जवळ घेतलं. तिच्या अंगाला तोच बोंबलांचा वास होता. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, उजवा, मोकळा हात, आणि म्हणत राहिली, "असू दे गो बाय, असू दे, तुझा काय दोस? तू साधी, तुला काय कलनार त्याचा कावा?" रेवसची गाडी लागली. हिराजीने हाक मारली. तिने बोचक्यातून सुक्या बोंबलांची एक पुडी काढून माझ्या पिशवीत घातली आणि चढली. गाडी सुटून वळणाआड जाईपर्यंत ती खिडकीतून वाकून मला हाताने खुणावत होती, की रडू नको.